घरातलं प्लॅस्टिक कमी करायचंय? आधी कचऱ्याची बादली उपडी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला फ्लॅट, घरात चौघं: तुम्ही दोघं, सासूबाई आणि दोन वर्षांची मुलगी. एक जानेवारीला 'प्लॅस्टिकमुक्त घर' असं ठरवलं. सहा हजार रुपयांचे स्टीलचे डबे, बांबूचे ब्रश आणि डझनभर कापडी पिशव्या आणल्या, प्लॅस्टिकचे जुने डबे कामाला येणाऱ्या ताईंना देऊन टाकले. तीन आठवड्यांनी बघता तर सुक्या कचऱ्याची पिशवी पूर्वीइतकीच फुगलेली. वर सासूबाई म्हणतात, ही सगळी श्रीमंतांची थेरं. तर चुकतंय कुठे?

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकते. तुम्ही सुरुवात दुकानातून केलीत, ती बादलीपासून करायला हवी होती.

मी गेली बारा-तेरा वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये कचरा वेगळा कसा करायचा ते शिकवते. शिकवते म्हणजे काय, कचरावेचक बायकांबरोबर कचरा निवडायच्या शेडमध्ये बसून जे शिकले, ते जिने चढून घरोघरी सांगते. पुण्यात या बायकांची संघटना 1993 पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नाव नीट वाचा: कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक त्यात नाहीच. आज नाव ठेवायची वेळ आली असती तर पहिला शब्द तोच असता.

आता काम. एक आठवडा घरातलं एकही प्लॅस्टिक कचऱ्यात टाकू नका. सगळं धुऊन, निथळवून एका गोणीत साठवा. रविवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरा, गोणी उपडी करा आणि तीन ढीग करा. पहिला ढीग, भंगारवाला पैसे मोजून घेतो तो: पाण्याच्या, तेलाच्या, शाम्पूच्या बाटल्या, जाड डबे, बादलीचे तुकडे, दुधाच्या स्वच्छ पिशव्या. दुसरा, जो त्यानं घेतला असता पण खरकटा किंवा फार पातळ म्हणून टाकून देतो: दह्याचे कप, भाजीच्या पिशव्या, हॉटेलातून आलेले काळे डबे. तिसरा, ज्याला कोणी हातच लावत नाही: बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं, सॅशे, थर्माकोल, कागदी कप, डायपर.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या तिसऱ्या ढिगात नुसते बिस्किटांचे कागदच एकोणीस होते. आम्ही घरात तिघंच, आणि तोंडानं म्हणायचो की आम्ही बिस्किटं फारशी खात नाही.

तुम्ही ज्यावर सहा हजार घातलेत ते बहुतेक पहिल्या ढिगातल्या वस्तूंच्या जागी आलंय. डाळीचा प्लॅस्टिकचा डबा वीस वर्षं टिकतो आणि फुटला तरी भंगारात जातो. तो फडताळात बसून कुणाचं काही बिघडवत नव्हता. (गरम आमटी त्यात ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, एवढं पाळलं की झालं.) बाहेर जातो तो दुसरा आणि तिसरा ढीग, आणि तो घरात येतो दूध, भाजी, खाऊ, पार्सल आणि सणवार या वाटांनी. त्या वाटांवर तुमच्या नव्या डब्यांचा फारसा उपयोग नाही.

म्हणून क्रम उलटा लावा. तिसरा ढीग आधी, मग दुसरा. पहिल्याकडे वर्षभर बघू नका.

तिसऱ्या ढिगाला कोणी का हात लावत नाही, तेही समजून घ्या. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी दिसतं, कारण ते एका प्लॅस्टिकचं नसतंच. दोन-तीन जातींचे पातळ थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. भंगारवाल्याला ते वेगळं करता येत नाही आणि वितळवून विकताही येत नाही. खाण्याच्या वस्तूंच्या पाकिटांचं मला यापलीकडे काही म्हणायचं नाही, कारण उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: कमी आणा, मोठा पुडा आणा, किंवा घरी करा. पाच रुपयांची दहा पाकिटं म्हणजे दहा कागद, पन्नास रुपयांचं एक म्हणजे एक. चिवडा, शंकरपाळे सुटे मिळतात, डबा घेऊन जा. मुलीचा खाऊ हळूहळू शेंगदाणे-गूळ, लाह्या, राजगिऱ्याच्या लाडवाकडे वळवता आला तर बघा. दाणे मात्र आत्ता कुटून द्या, अख्खे लहान मुलांच्या घशात अडकतात.

डायपरबद्दल तुम्ही लाजत लाजत लिहिलंय. लाजू नका. दिवसा घरात लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, इतकंच केलंत तरी आकडा निम्म्यावर येतो. पण जो वापराल तो वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि वर लाल पेनानं ठसठशीत खूण करा. सॅनिटरी पॅडचंही तसंच. ही लाल खूण पुण्यातल्या कचरावेचक बायकांनीच लोकांना शिकवली. शेडमध्ये प्रत्येक पुडकं हातानं उघडलं जातं, आत विकण्यासारखं काही असेल म्हणून. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एका मावशींनी असंच एक पुडकं उघडलं, आत काय आहे ते दिसलं, त्यांनी ते मिटून बाजूला ठेवलं, साडीच्या टोकाला बोटं पुसली आणि चहाचा कप उचलला. मला तो चहा गेला नाही. खूण असेल तर पुडकं न उघडता बाजूला पडतं.

आता दुसरा ढीग. इथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे.

भाजीची पातळ पिशवी दोन-अडीच ग्रॅमची. किलोभर जमवायला चारशे-पाचशे पिशव्या वेचायच्या, त्याही चिखलानं माखलेल्या. कोण वेचेल? मग त्या नाल्यात जातात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई बुडण्याची कारणं बरीच होती, पण तुंबलेली गटारं उपसताना हाताला काय लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. पिशवी किती जाड हवी याचे नियम त्यानंतर कडक होत गेले. आधी 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग 23 मार्च 2018 ची महाराष्ट्राची बंदी, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, आणि 31 डिसेंबर 2022 पासून देशभर 120 मायक्रॉनखालची पिशवी बंद. 2018 च्या जूनमध्ये दंड सुरू झाला तेव्हा मंडईत पंधरा दिवस पिशव्या दिसेनाशा झाल्या होत्या, भाजीवाल्या पदराआड पिशव्या ठेवायच्या. पुढे काय झालं ते तुम्ही रोज बघताच. कायद्यानं पिशवी महाग केली, आपली सवय तशीच राहिली.

कापडी पिशवी सगळ्यांकडे असते, पण ती पुढे करायची वेळ चुकते. भाजीवालीचा हात वजन करता करताच खिळ्याला टांगलेल्या पिशव्यांच्या जुडीकडे जातो. पिशवी फाडून भाजी आत पडली की मग तुम्ही म्हणता, 'नको हो, माझ्याकडे आहे.' ती उलटी ओतून द्यायला लागते, दोन टोमॅटो खाली पडतात, मागचं गिऱ्हाईक खोळंबतं, तुम्हाला संकोच वाटतो आणि दुसऱ्या दुकानात तुम्ही बोलतच नाही. त्यामुळे भाव विचारायच्याही आधी पिशवी उघडून तिच्यासमोर धरा आणि म्हणा, 'मावशी, यातच टाका.' तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच विचारते, 'ताई, तुमची पिशवी?' तिला तरी हौस कुठे आहे, त्या पिशव्या ती पदरच्या पैशांनी आणते.

एका मोठ्या पिशवीत चार-पाच छोट्या पिशव्या हव्यात, मिरच्या-कोथिंबीर-आल्यासाठी. नव्या शिवू नका, विकतही आणू नका. जुनं धोतर, मऊ झालेली सुती साडी, उशीचा अभ्रा. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं 2018 मध्ये हिशोब मांडला होता की नवी सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीनं साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला 52 वेळा वापरावी लागते, आणि पर्यावरणाचे सगळेच निकष धरले तर 7100 वेळा. नाल्यात तुंबणं, गाईच्या पोटात जाणं त्या हिशोबात नाही, म्हणून तो आपल्याकडे जशाचा तसा लावू नका. पण कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, हे खोटं नाही. समारंभात फुकट मिळालेल्या चाळीस कापडी पिशव्या कपाटात पडून असतील तर त्यातून पर्यावरणाचं काही भलं झालेलं नाही. तुमच्या त्या डझनातल्या आठ वाटून टाका.

आणि कपड्यांच्या दुकानात मिळते ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी? ती कापडाची नाही. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच, धागे न विणता दाबून केलेलं. खात्री करायची असेल तर नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. कापूस जळून राख होतो. हा आक्रसतो आणि त्याचा थेंब होतो. खिडकी उघडी ठेवा, आणि एकदाच करा.

मटण, चिकन, मासे यांना झाकणाचा स्टीलचा डबा. तुमच्या नव्या डब्यांतला एक तरी इथे कामाला येईल. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवायला सांगा, आकडा शून्य करून घ्या, मग माल. हे न सांगता डबा पुढे केला की दुकानदार म्हणतो 'वजनात घोळ होतो', आणि त्याचं बरोबर असतं.

वाणसामान मॉलमधून आणत असाल तर ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे वळवा. पोत्यातली ज्वारी, डाळ, पोहे तो तुमच्या पिशवीत घालून देतो. पण 'सुटं ते चांगलं' असा नियम करू नका. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे आणि ती असावी. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि माणसं मेली. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा शेजारणीबरोबर वाटून घ्या. रिकाम्या डब्याचेही पैसे येतात. खाण्याचा तेलकट पदार्थ छापील वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका, शाईमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याविरुद्ध सांगितलेलं आहे. पूर्वी पुड्या तशाच बांधायचे हे खरं, पण पूर्वीचं सगळंच उचलायचं नसतं.

दुधाची पिशवी. शहरात ती टाळणं कठीण, रतीब घालणारा गवळी मिळाला तर उत्तम, नाही तर पिशवी नीट वापरा. तुम्ही ती कशी कापता? बहुतेक जणी कात्रीनं कोपरा उडवतात आणि ते नखाएवढं त्रिकोणी टोक सिंकमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात पडतं. पिशवी भंगारात गेली तरी ते टोक कुणालाच सापडत नाही. खतात जातं, खतातून मातीत. म्हणून कोपरा पूर्ण कापायचा नाही, अर्धवट चीर द्यायची, टोक पिशवीला लटकत राहिलं पाहिजे. रिकामी पिशवी चमचाभर पाण्यानं विसळा, ते पाणी कणकेत घाला, पिशवी भिंतीच्या टाईलवर चिकटवा. सकाळपर्यंत आपोआप वाळून पडते. महिन्याची जुडी बांधून द्या, कचरावेचक ताई आनंदानं नेतात. घाणेरडी दिली तर तीच पिशवी दुसऱ्या ढिगात जाते. प्लॅस्टिक तेच, फरक चमचाभर पाण्याचा.

आता ज्या गोष्टी चांगल्या समजून आणल्या जातात त्यांच्याबद्दल दोन शब्द, कारण पैसे तिथेच जातात. बांबूच्या ब्रशचा दांडा बांबूचा, केस बहुधा नायलॉनचेच. टाकताना पकडीनं केस उपटून काढा, मग दांडा खतात. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाही तर चहा गळला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 मध्ये मोजलं, तर शंभर मिलिलिटर गरम पेयात पंधरा मिनिटांत सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले. टपरीवर काचेच्या ग्लासात कटिंग मागा, अजून मिळतो. 'कंपोस्टेबल' पिशवीला कारखान्यातल्या खतप्रकल्पाची उष्णता लागते. माझ्या गच्चीवरच्या खताच्या ड्रममधून ती आठ महिन्यांनी थोडी विरलेली पण ओळखू येईल अशी बाहेर आली, वरचं हिरवं पान छापलेलं होतं तेसुद्धा दिसत होतं.

भांड्याच्या घासणीला मात्र फुकटचा उपाय आहे. नारळाची शेंडी, किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. सासूबाईंना विचारा, त्यांना ठाऊक असेल.

सासूबाईंचंच बोलायचं तर तुमच्या घरात या कामातल्या जाणकार त्याच आहेत आणि तुम्ही त्यांना विरोधी पक्षात बसवलंय. त्यांच्या गादीखाली घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत ना? टाकू नका. एक पिशवी फाटेपर्यंत चाळीस वेळा वापरणारी बाई आणि बांबूचा ब्रश विकत आणणारी सून यांत कचरा कमी कोण करतं, हे त्या रविवारी बाल्कनीतच कळेल. त्यांना विचारा, त्यांच्या आई प्रवासात पाणी कशातून न्यायच्या. फिरकीचा तांब्या कुठल्या तरी माळ्यावर निघेल. माझ्या घरी निघाला, कल्हई करून आणला. जड आहे, रोज नेत नाही, पण पाहुण्यांना बाटलीबंद पाणी देण्याची पद्धत त्या तांब्यानं बंद केली.

मग सणवार. आपल्याकडे प्लॅस्टिक शिरण्याचा मोठा मुहूर्त म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. एका वर्षी मी हळदीकुंकवाचं वाण मोजलं: तेवीस घरं, त्यातल्या सतरा ठिकाणी प्लॅस्टिक. गाळण्या, साबणाच्या डब्या, चिमटे, आणि एक गुलाबी वस्तू, जिचा उपयोग मला आजतागायत कळलेला नाही. वाण परत करता येत नाही, तो अपमान होतो. म्हणून बोलायचं ते आधी, डिसेंबरात, सोसायटीतल्या दोघी-तिघींशी. आमच्या मजल्यावर आता कुणी गुळाची ढेप लुटतं, कुणी पालेभाजीच्या बिया, कुणी सुती हातरुमाल. सुगडात आपण अजूनही हरभरा, बोरं, ऊस, गाजरच घालतो ना? तिथे कुणाला प्लॅस्टिक सुचलेलं नाही.

वाढदिवसाच्या ताटल्यांसाठी सोसायटीत वर्गणीतून पन्नास स्टीलची ताटं-वाट्या घेऊन ठेवा. गावाकडे देवळाची किंवा तालमीची भांडी असायचीच. पण ही योजना कुठे मोडते ते सांगते: घासणार कोण? आमची पहिली खरेदी दीड वर्ष कपाटात पडून होती. भांडी नेताना घासणावळीचे पैसे आगाऊ भरायचे असं ठरवलं तेव्हा ती बाहेर आली.

काही गोष्टी हिशोबातून वगळा. गोळ्यांची पाकिटं, इंजेक्शनं, सलाईन, आजाऱ्याची नळी. तिथे प्लॅस्टिकनं माणसं वाचवली आहेत. आजारपणात, बाळंतपणात, घर हलवताना ढिगांचे आकडे लिहायची वही बंद ठेवा. अपराधीपणानं कचरा कमी झालेला मी पाहिलेला नाही, वही अडगळीत गेलेली मात्र पुष्कळदा पाहिली आहे.

एका गोष्टीला मात्र सूट नाही. माझं माहेर कराडजवळ. तिथे अजून पुष्कळ घरी सकाळी अंघोळीचा बंब पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा तुटकी चप्पल लावतात, पटकन धरतं म्हणून. माझ्या वहिनीही लावायच्या. पीव्हीसीसारखं प्लॅस्टिक असं उघड्यावर, अर्धवट जळालं की डायॉक्सिनसारखी विषं धुरात येतात, आणि बंबाजवळ वाकलेली असते ती घरातली बाई नाही तर पोर. गावी जाल तेव्हा बघा, तुमच्याकडेही असेल. आम्ही पेटवणाला नारळाच्या करवंट्या आणि सोडणं कोपऱ्यात रचून ठेवायला लागलो. वहिनींना भाषण दिलं नाही, करवंट्या नेऊन दिल्या.

तुम्ही विचारलंय फरक दिसायला किती दिवस लागतील. भाजीच्या पिशव्या पंधरा दिवसांत जातात. खाऊच्या पाकिटांना दोन-तीन महिने, कारण तिथे घरातल्या सगळ्यांची जीभ आहे. पार्सलचे काळे डबे जायला मला वर्ष लागलं आणि ते अजूनही महिन्यात एखाद्या शनिवारी येतात. मी ते धुऊन त्यात रोपं लावते, पण खिडकीत जागा किती असणार.

येत्या रविवारी गोणी उपडी करा, सासूबाईंना शेजारी पाट मांडून बसवा आणि मोजायला त्यांनाच सांगा. मला फक्त तिसऱ्या ढिगाचा आकडा कळवा, मग एका महिन्यानं पुन्हा त्याचाच.